जोडी हजर

१

चर्चचं दार मी सकाळी सहाला उघडतो. आधी बाजूचं लहान दार, मग आतून मोठ्या दाराच्या कड्या, मग दिवे, मग पंखे. पंखे एकेक करून लावायचे, एकदम नाही, नाहीतर मुख्य बटण पडतं. हे मी फादर अंकुशना पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. त्यांनी लक्षात ठेवलं नाही आणि दोनदा अंधारात प्रार्थना झाली. फार शिकलेल्या माणसांना सांगितलेलं ऐकू येत नाही, असा माझा अनुभव आहे.

मी ख्रिस्ती नाही. नाव प्रभाकर, वय बासष्ट, गाव नेऱ्याच्या अलीकडचं, आता राहायला नवीन पनवेलात. आयुष्यभर क्वारीवर मुकादम होतो. दगडखाणीला आमच्याकडे क्वारीच म्हणतात. सुरुंगांच्या आवाजानं डावा कान आधी बंद पडला, मग क्वारी बंद पडली, आणि घरी बसून राहिलो असतो तर बायकोनं, आमच्या गोदूनं, मलाही बंद पाडलं असतं. म्हणून चर्चचं बांधकाम सुरू झालं तेव्हा राखणीला लागलो, आणि बांधून झालं तरी तिथेच राहिलो. ‘देवाचं काम आहे, कोणत्या का देवाचं असेना,’ गोदू म्हणाली आणि डबा भरायला लागली.

चर्च नव्या पद्धतीचं आहे. गिलावा नाही, रंग नाही, नुसतं काँक्रीट. आत एकही खांब नाही. वरून काचेची एक लांब फट ठेवली आहे, तिच्यातून उन्हाची पट्टी खाली पडते आणि दिवसभर सरकत राहते. बाहेरून ते इतकं गोदामासारखं दिसतं की न्हावा शेव्याच्या कंटेनरवाल्यांनी तीनदा गाड्या आत घातल्या. ‘माल कुठे उतरवायचा?’ म्हणून मलाच विचारलं.

चर्च आहे संत स्तेफनचं. हा माणूस ख्रिस्तासाठी मेलेला पहिला. त्याला लोकांनी गावाबाहेर नेऊन दगडांनी ठेचला. फादरनी मला ही गोष्ट सांगितली. दगडानं मेलेल्या माणसाविषयी मला कोणी काही सांगावं असं नव्हतं.

वेदीच्या मागे आख्खी भिंत दगडांची आहे. पोलादी जाळीचे चौकोनी खण, आणि प्रत्येक खणात एक दगड. चुना नाही, सिमेंट नाही. पॅरिशमधल्या, म्हणजे या चर्चच्या हद्दीतल्या, प्रत्येक कुटुंबानं आपापल्या गावाहून एकेक दगड आणायचा आणि स्वतःच्या हातानं ठेवायचा. कुणी वसईहून आणला, कुणी केरळातून, कुणी उरणच्या खडकातून. ‘त्यांनी दगड उचलले होते, प्रभाकरकाका. आपण खाली ठेवू,’ फादर म्हणाले. बोलणं चांगलं होतं. पण एक कुटुंब ऐन वेळी परदेशी निघून गेलं आणि खालच्या ओळीतला एक खण रिकामा राहिला. फादर म्हणाले, हा तुमचा. तुम्ही आमचेच.

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोल्यांत दगड कुठून आणायचा? पाटा-वरवंटासुद्धा गोदूनं देऊन टाकलेला. मग मी स्कूटर काढून बंद पडलेल्या क्वारीवर गेलो आणि नारळाएवढा एक काळा दगड घेऊन आलो. जवळ होती म्हणून गेलो, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. त्या दगडाच्या एका अंगाला बोटभर रुंद पन्हळ होती. सुरुंगाचं भोक दगडात पाडतात आणि बार उडाला की भोक मधोमध फाटतं, त्यातली ही अर्धी पन्हळ. ती दिसायला बरी नाही म्हणून मी ती बाजू आत, भिंतीकडे केली. वरून जाळी बसवली, चार बोल्ट आवळले आणि ते हलले तर कळावं म्हणून वर रंगाचा ठिपका दिला.

शुक्री फडकं घेऊन मागे उभी होती. शुक्री चर्चमध्ये झाडलोट करते. डोंगराकडेच्या कातकरी वाडीवरची. तिचा नवरा जैतू माझ्याच क्वारीवर होता, अकरा वर्षांपूर्वी बारात गेला. तिला हे काम मीच लावून दिलं.

‘कुठला दगड, मुकादम?’ तिनं विचारलं.

‘गावचा,’ मी म्हणालो.

२

दुसऱ्या दिवशी दुपारी दीड वाजता पहिली शिटी झाली.

क्वारीवरची पद्धत सांगतो. बार दुपारी दीडला उडवायचा, कारण तेव्हा जेवायची सुट्टी असते. त्याआधी मुकादमानं तीन शिट्या द्यायच्या. पहिली शिटी झाली की हातातलं टाकून सगळ्यांनी खाणीतून वर यायचं. दुसरी झाली की मोजणी. मोजणी पुरी झाली की तिसरी. तिसऱ्या शिटीला बार उडतो. तीसेक वर्षं मी रोज या तीन शिट्या दिल्या. माझी शिटी पितळेची होती, अजून आहे. चर्चच्या किल्ल्यांच्या जुडग्यात मी ती अडकवून ठेवली आहे, किल्ल्या हरवू नयेत म्हणून.

मी बाकांच्या मधून वेदीकडे चाललो होतो. चर्च रिकामं. उन्हाची पट्टी सरकत दगडांच्या भिंतीवर आली होती. आणि शिटी झाली. लांब, एका दमातली, शेवटी जराशी चढणारी. मी जागच्या जागी थांबलो, आणि माझे हात उघडले गेले. किल्ल्या खाली पडल्या. हातातलं टाकून वर यायचं, हे मी दुसऱ्यांना इतकी वर्षं शिकवलं की माझ्याच हातांनी ते ऐकलं.

मग मी विचार केला. बाहेर कुणी पोलीस असेल, शाळेची पोरं असतील. पण आवाज ज्या कानात आला तो डावा होता. त्या कानात अकरा वर्षांत कुत्रं भुंकलेलं ऐकू आलेलं नाही.

बाहेर पायरीवर शुक्री जेवत बसली होती.

‘शिटी ऐकलीस का गं?’

‘कसली?’

‘कुणी वाजवली आत्ता?’

‘नाय बा.’ तिनं भाकरीचा अर्धा तुकडा डब्यात परत ठेवला आणि झाकण लावलं. ती रोज अर्धीच खाते. मला वाटायचं, संध्याकाळसाठी ठेवत असेल.

मी आत येऊन किल्ल्या उचलल्या. शिटी थंडगार होती. वाजलेली शिटी ओठांपाशी ओली असते, तेही बोट लावून पाहिलं. कोरडी होती. आपण काय करतोय हे लक्षात आल्यावर मला माझंच हसू आलं, पण ते काही फार टिकलं नाही.

३

मी काही बुवाबाजीतला माणूस नाही. दुसऱ्या दिवशी सरळ पनवेलला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कानात नळी घालून पाहिलं आणि म्हणाले, बंद पडलेला कान कधीकधी स्वतःच आवाज तयार करतो. घंटी, शिटी, पाण्याचा आवाज, काहीही. मला इतकं हायसं वाटलं की येताना गोदूला भजी घेऊन आलो. तिनं संशयानं पाहिलं.

‘काय केलंत?’

‘कान वाजतो म्हणे. वयानं.’

‘माझं बोलणं सोडून बाकी सगळं ऐकू येतं तुम्हाला,’ ती म्हणाली. भजी मात्र तिनंच संपवली.

चार-पाच दिवस काही झालं नाही. डॉक्टरांचं बोलणं मी गोळीसारखं दिवसातून तीनदा घेत होतो. मग सकाळी दार उघडल्यावर फरशीवर धूळ दिसायला लागली. नवीन इमारतीत धूळ असतेच, पण ती पिवळट, सिमेंटची. ही राखाडी होती, पिठासारखी. शेवटच्या बाकावर एका माणसाच्या बैठकीएवढीच. दुसऱ्या दिवशी मधल्या बाकावर. तिसऱ्या दिवशी पहिल्या बाकावर, आणि तिथून पुढे फरशीवर पायाचे ठसे. अनवाणी, बोटं फाकलेली. ते भिंतीकडे जात होते. परत येणारा ठसा मी शोधला, गुडघ्यांवर बसून शोधला. नव्हता.

शुक्री फडकं घेऊन आली आणि काही न विचारता पुसायला लागली.

‘उघड्या दारानं कुणी कामगार आला असेल,’ मी म्हणालो. दार उघडं नव्हतं, ते मलाच ठाऊक होतं.

तिनं फडकं नाकाशी नेलं. ‘खानीचा धुरळा हाय ह्यो. मी सात वरसं खाल्लाय. मला वळखू येतो.’

मग ती उकिडवी बसून राहिली. शुक्री फार बोलत नाही. त्या दिवशी बोलली.

‘मुकादम, तुमी तवा सांगितलं, त्यो पिऊन व्हता. शिटी आयकून बी मागारी खानीत उतरला. सगली वाडी तेच बोलते. पन त्यो पिऊन नव्हता. मला ठावं हाय त्यो कशापाय गेला.’

‘कशासाठी?’

‘डब्यापाय. पयल्या शिटीला मी पलत वर आली आन् डबा खालीच ऱ्हायला. आमचा दोघांचा येकच डबा. त्यो आनाया गेला आसंल. म्यां इसरली म्हनून गेला.’ तिनं फडकं पिळलं. त्यात पाणी नव्हतं तरी पिळलं. ‘तवापास्नं त्याच्या वाटचं मी खात नाय.’

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. एवढंच म्हणायचं होतं, की शुक्री, तसं नाही झालं. मी म्हणालो, ‘जाऊ दे आता. जुनं झालं.’

ती गेल्यावर मी भिंतीपाशी गेलो. माझा दगड खालच्या ओळीत होता तसाच होता. जाळी जागेवर, चारही बोल्ट आवळलेले, वर लावलेला रंगाचा ठिपकासुद्धा न तुटलेला. पण पन्हळ बाहेरच्या बाजूला होती.

४

आता मला ते सांगायलाच हवं.

क्वारीवर आणि वीटभट्टीवर कातकऱ्यांची माणसं एकेकटी धरत नाहीत. जोडी धरतात. नवरा आणि बायको मिळून एक जोडी. तो फोडणार, ती भरणार. हजेरीच्या वहीत जोडीचं एकच नाव, नवऱ्याचं, आणि त्यापुढे एकच खूण. माझ्याकडे सात जोड्या होत्या आणि वर ड्रिलवाले वगैरे पाचजण. दुसऱ्या शिटीला मी काय करायचो? सगळे वर झाडाखाली जमलेले असत, मी वही घेऊन नजर फिरवायचो. जोडीतलं एक माणूस दिसलं की खूण. बायको इथे आहे म्हणजे नवरा इथेच कुठेतरी विडी ओढत असणार. सगळेच मुकादम असं मोजायचे. मी एकटा नव्हतो.

त्या दिवशी पहिल्या शिटीनंतर जैतू वर आला होता. मीच त्याला म्हणालो, ‘अरे, माझी पहार खाली राहिली, खाणीच्या भिंतीच्या कडेला. घेऊन ये पटकन.’ नवी पहार होती, बाराखाली गेली असती. तो पळत गेला. तेवढ्यात ट्रकवाला कागदावर सही मागायला आला, दोन शब्द बोलला, आणि पहारीचं माझ्या डोक्यातून पार गेलं. दुसरी शिटी दिली. झाडाखाली शुक्री दिसली. मी वहीत खूण केली आणि मोठ्यानं म्हणालो, ‘जैतू. जोडी हजर.’

आणि तिसरी शिटी दिली.

नंतर मालक आले, पोलीस आले. मी म्हणालो, तो पिऊन होता, शिटीनंतर खाली उतरला. हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सरळ आलं की मलाच ते खरं वाटायला लागलं. वहीत तर जोडी हजर होतीच. मला कुणी काही विचारलं नाही.

मी वाईट माणूस आहे असं मला वाटत नव्हतं. अजूनही गोदूला विचाराल तर ती तसं म्हणणार नाही. पण अकरा वर्षं मी भिंतीच्या कडेला काही पडलेलं असलं की तिकडे बघत नाही.

५

चोवीस डिसेंबरला दुपारी गाण्याची तालीम होती. दोनच दिवसांनी, सव्वीसला, संत स्तेफनचा सण, त्या दिवशी बिशप येऊन वेदीला तेल लावणार, म्हणजे चर्च खऱ्या अर्थानं सुरू होणार. पंधरा-वीस बायका वेदीपाशी उभ्या राहून गात होत्या. मी मागे बाकाचा एक सैल स्क्रू पिळत होतो आणि माझं मन बरंच शांत होतं. माणसं असली की बरं असतं.

उन्हाची पट्टी भिंतीवर आली. आणि डाव्या कानात दुसरी शिटी झाली.

मी काय केलं ते मला गोदूनं नंतर सांगितलं, तिला कुणीतरी सांगितलं होतं. मी ओरडत पुढे धावलो. ‘वर या! सगळ्या वर या! हातातलं टाका!’ गाणाऱ्या बायकांना दंडाला धरून मी दाराबाहेर काढलं. एकीचा चष्मा पडला. बाहेर पटांगणात त्यांना ओळीनं उभं करून मी मोजायला लागलो, आणि मोजता मोजता मला कळलं की मी कुणाला तरी शोधतोय आणि तो यांच्यात नाही.

फादर अंकुश तसे तिशीचेच, पण मला खुर्चीवर बसवून त्यांनी पाणी दिलं ते घरातल्या मोठ्या माणसासारखं.

‘काका, काय झालं?’

‘कान वाजतो.’

‘नुसता कान?’

मी पेला खाली ठेवला. मग ते आपणहून म्हणाले, ‘स्तेफनला दगड मारणाऱ्यांमध्ये एक तरुण होता. त्यानं एकही दगड मारला नाही. बाकीच्यांनी हात मोकळे राहावेत म्हणून अंगरखे काढून त्याच्या पायाशी ठेवले, तो ते सांभाळत उभा राहिला. मला नेहमी त्याच्याविषयी वाटतं. मारणारे घरी जाऊन झोपले असतील. याला झोप आली असेल का?’

‘मग त्याचं काय झालं?’

‘पुढे त्यानं सगळं तोंडानं सांगितलं. सगळ्यांसमोर.’

मला त्यांचा राग आला. इतकं बारीक बघायचं या माणसाला काय कारण? पण घरी जाताना मी ठरवून टाकलं. तिसरी व्हायच्या आत शुक्रीला सांगायचं. आता मोजणी चालू होती, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तीस वर्षांत दुसरीनंतर तिसरी झाली नाही असा एकही दिवस गेला नव्हता.

पंचवीसला नाताळ, चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि शुक्री सबंध दिवस समोर असून मी तिला एवढंच म्हणालो, की कोपऱ्यात मेण सांडलंय. तिला सांगितलं की ती माझ्याकडे बघेल, आणि तसं तिनं बघितलेलं मला सोसवणार नाही, हीच भीती होती. शिटीची भीती त्याच्या खालोखाल.

६

सव्वीसला बिशप आले, वेदीला तेल झालं, धूप झाला. प्रत्येक कुटुंबानं रांगेनं येऊन आपल्या दगडाला हात लावला. मी लावला नाही, मी दाराशी होतो. सगळं आटोपायला एक वाजून गेला. मग गर्दी बाहेर पटांगणातल्या मांडवात जेवायला गेली. गोदूही नवी साडी नेसून आली होती, तीही गेली.

मांडवाच्या तोंडाशी परेश यादी घेऊन उभा होता. परेश बंदरात कामाला असतो, मोजणी-नोंदणी हा त्याचा हातचा मळ. सगळी कुटुंबं आल्याशिवाय वाढायचं नाही, असं फादरनी बजावलं होतं, म्हणून तो मोठ्यानं नावं घेत होता आणि खुणा करत होता. त्याचा आवाज मला दारापर्यंत येत होता.

जेवणं होईतो चर्चला कुलूप लावून ठेवायचं होतं. मी दाराशी किल्ल्या काढल्या आणि सवयीनं बाहेर नजर फिरवली. चिंचेखाली शुक्री बसली होती, शेजारी डबा. ठीक, आत कुणी नाही, असं म्हणून मी किल्ली फिरवायला लागलो आणि तिथेच माझा हात थांबला.

शुक्री दिसली म्हणून आत कुणी नाही? मी आत पाहिलंच नव्हतं.

दार मी पुन्हा ढकललं. दीड वाजायला आला असणार, कारण उन्हाची पट्टी भिंतीवर होती. भिंतीच्या कडेला, खालच्या ओळीपाशी, एक माणूस वाकलेला होता. पाठ माझ्याकडे. डोक्यापासून टाचांपर्यंत राखाडी, कपडे कुठले आणि कातडी कुठली ते कळत नव्हतं. तो हातानं फरशी चाचपत होता, जमिनीवर पडलेली लांबट वस्तू शोधताना माणूस चाचपतो तसं. घाई होती त्याला. कुणीतरी पटकन ये म्हणून सांगितलेलं होतं.

मला पळून जाता आलं असतं. किल्ल्या शिटीसकट दारालाच लटकत राहिल्या आणि मी आत गेलो. का गेलो ते मला नीट सांगता येणार नाही. एवढंच आठवतं की मला त्याची भीती वाटत नव्हती, मला त्याची घाई बघवत नव्हती.

‘जैतू,’ मी म्हणालो. ‘राहू दे ती पहार. वर ये.’

तो चाचपतच राहिला. मी आणखी चार बाक पुढे गेलो.

‘जैतू, ऐक. मी विसरलो. मीच तुला खाली धाडलं आणि मीच विसरलो. तू प्यायलेला नव्हतास. ते मी माझ्या कातडीसाठी बोललो. शुक्रीला बघितलं आणि तुझी हजेरी लावली. वर ये, बाबा. मी तिसरी देत नाही.’

हात थांबले. तो वळला नाही. माझ्या मागे, दाराकडून आवाज आला.

‘पहार?’

शुक्री उंबऱ्यावर उभी होती. मागे झगझगीत ऊन, त्यामुळे तिचा चेहरा दिसत नव्हता. डबा तिच्या काखेत होता.

‘त्यो डब्यापाय नव्हता गेला?’

‘नाही, शुक्री.’

‘तुमी धाडला व्हता.’

‘हो.’

‘आन् मला बगून खून केली. वहीत.’

‘हो.’

तिनं काखेतला डबा दोन्ही हातांत घेतला. तिला तो दिसतोय की नाही, हे मला कळेना. ती माझ्याकडेच बघत होती. तिच्या त्या बघण्याला मी इतकी वर्षं घाबरलो, आणि आता ते अंधारात होतं.

‘आकरा वरसं,’ ती म्हणाली, ‘मी त्याचा घास डब्यात ठेवते, मुकादम.’

मी दाराकडे पाऊल टाकलं. निदान टाकायचं मनात आणलं. पण माझ्या उजव्या बाजूला, अगदी कोपराजवळ, कुणीतरी श्वास घेतला. क्वारीच्या धुळीचा वास आला. भिंतीपाशी आता कुणी नसणार. मी मान वळवली नाही.

आणि बाहेरून, मांडवातून, परेशचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

‘प्रभाकरकाका?’

‘काकू आल्यात की! ह्या बघा, बसल्या,’ कुणीतरी म्हणालं.

‘काकू आहेत ना? मग झालं, काका असतील इथेच. काका-काकू, जोडी हजर. सगळे आले. चला, वाढा!’

शुक्रीनंही ते ऐकलं. तिनं मांडवाकडे मान वळवली. एक हाक मारायची होती तिला, मुकादम आत हाय, एवढीच. तिनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग डबा उंबऱ्याच्या आत, फरशीवर ठेवला, हात दाराच्या कडेला नेला, आणि किल्ल्या वाजल्या.

दार लोटलं गेलं. माझ्या शेजारचा माणूस खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं, कारण त्याला पद्धत माहीत होती. मीही बसलो. मीच ती सगळ्यांना शिकवली होती.

तिसरी शिटी उजव्या कानात आली, चांगल्या कानात, दाराच्या बाहेरून. पितळेची होती. माझी शिटी मी कुठेही ओळखतो.